माळावरची हिरवी तूर

येळवसेला, मार्गशीर्ष अमावस्येला सगळं घर रानात जेवायला जातं त्या दिवशी, भांडण काढायचं नाही, असं अश्वजितनं घरून निघताना बायकोला कबूल केलं होतं. रानात पोचल्यावर त्यानं भाकरीची दुरडी लिंबाच्या सावलीत ठेवली, वर माळाकडं पाहिलं आणि धाकट्या भावाला म्हणाला, "चल, तुला एक दाखवायचंय."

आनंदराज नांदेडहून पहाटेच्या बसनं निघून नुकताच आला होता. विष्णुपुरीला कॉलेजातल्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. येळवस आणि उन्हाळ्यातले चार-आठ दिवस, एवढंच त्याचं रानाशी नातं उरलं होतं. पायातले बूट न काढता तो तसाच भावाच्या मागं निघाला.

देवणीच्या शिवारातून यंदा गणपती गेले आणि त्यांच्या मागं पाऊसही गेला, तो परतलाच नाही. वढ्याकाठच्या काळ्या रानात अश्वजितची तूर पानं टाकायला लागली होती. ऐन फुलोऱ्यात ओल तुटल्यानं निम्मी फुलं गळाली, ज्या शेंगा धरल्या त्यांतही दाणा चपटा. बांधाच्या वरच्या अंगाला, जिथं नांगराचा फाळ दगडावर वाजतो त्या मुरमाड माळावर, बहिणीची, धम्मप्रियाची, तूर मात्र हिरवीकंच उभी होती. खालून बघणाऱ्याला ते माळरान नाही, बागायत वाटावी.

अश्वजितनं भावाला बांधाशी नेऊन आपल्याच रानातली कडेची झाडं दाखवली. सगळीकडं पिवळेपणा, पण बांधालगतची ही थोडी झाडं तेवढी हिरवी, झुडपासारखी दाटलेली.

"ही कशानं हिरवी हायत, सांग," तो म्हणाला. "वरनं पाझर यायलाय. माळाला कुणीतरी पाणी द्यायलंय, आनंद."

आनंदराजनं विचारलं, बोअर तर तुझ्याच रानात आहे ना. त्यावर अश्वजितनं सगळं सांगितलं. दिवाळीपासून बोअर खाली गेलं होतं. मोटार लावली की घटकाभर गढूळ पाणी, मग नुसती हवा. बापानं, लिंबाजीनं, बोअर पाडलं तेव्हा तिन्ही लेकरांचा वाटा ठरवला होता, हे खरं. पण पाणीच नाही तर वाटा कशाचा? म्हणून अश्वजितनं स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं आणि बहीण भांडायला येईल म्हणून तयार राहिला. ती तावातावानं दारात येईल, माय मध्ये पडेल, गल्लीतली माणसं जमतील, असं सगळं त्यानं मनात मांडून ठेवलं होतं.

ती आलीच नाही. एका शब्दानं बोलली नाही. ज्याची तहान भागलीय तोच असा गप्प बसतो, हे अश्वजितच्या मनात तेव्हाच पक्कं झालं. त्यानंतर त्याला ती वरचेवर मलप्पाशी बोलताना दिसायला लागली. माळाच्या पलीकडं मलप्पाचं रान, त्याच्या विहिरीला अजून पाणी होतं. आणि त्याला आपल्या रानात गाडी न्यायला माळातून वाट हवी होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"फुकट पाणी कोण देतंय?" अश्वजित म्हणाला. "हिनं माळ कबूल केलाय त्याला. आज्यानं गायरानातले धोंडे उचलून केलेलं रान हाय ते."

आनंदराज वर बहिणीच्या तुरीकडं बघत राहिला.

*

आनंदराजला भावाचा स्वभाव ठाऊक होता. त्याची स्वतःची वाटणी या दोघांच्या रानांना लागून होती आणि इतकी वर्षं ती अश्वजितच कसत होता. मागल्या खरिपात आनंदराजनं ती काढून बहिणीला दिली. कारण साधं होतं. अश्वजित दरसाल दुकानातून नवं बियाणं आणायचा, सलग सोयाबीन आणि तूर घ्यायचा. साधलं तर भरघोस, नाही तर काहीच नाही. धम्मप्रिया घरचं बी राखायची. मूग, उडीद, तूर, मध्येच ज्वारीच्या ओळी, असं सगळं एकात एक पेरायची. अश्वजित त्याला खिचडी म्हणून हसायचा. पण ज्या साली सोयाबीन पाण्यात सडलं त्या साली तिचा मूग वेळेत घरात आला होता. आनंदराजला नांदेडात वर्षाची डाळ पुरली, तेवढ्यावर त्यानं ठरवून टाकलं.

त्यामुळं आता भाऊ बहिणीवर आळ घेतोय म्हटल्यावर त्याला पहिली शंका आली ती ही, की दादाला माझी वाटणी परत पाहिजे आणि हे सगळं त्यासाठीच चाललंय.

पण दुसरी शंका पहिलीच्या मागोमाग आली. तो आठवड्याला बहिणीला फोन करायचा. ती मुगाचं सांगायची, पेरलेल्या ज्वारीचं सांगायची, मायच्या गुडघ्याचं सांगायची. तुरीचं विचारलं की "हाय की, उभी हाय" एवढंच म्हणून दुसरा विषय काढायची. जिची तूर अख्ख्या शिवारात एकटी हिरवी, ती बाई त्याबद्दल चकार शब्द बोलत नाही, हे काही त्याला सरळ वाटेना.

लिंबाखाली त्यांची माय पार्वतीबाई आंबिलीचं बिंदगं सावलीत सरकवून बसली होती. या घरात येळवसेला कडब्याची कोप बांधत नव्हते आणि पांडवही पुजत नव्हते. ते लिंबाजीच्या बापानं धम्मदीक्षा घेतली तेव्हाच सुटलं. पण रानातलं जेवण लिंबाजीनं सोडू दिलं नाही. भज्जी कुठल्या देवाची नाही, ती रानाची आहे, असं तो म्हणायचा. तो जाऊन काही वर्षं झाली तरी त्याच्या माघारी हे चालू होतं. हरभरा, वाटाणा, पावट्याचे दाणे घालून रटरटलेली भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, आणि रानात बसल्यावर मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा.

शेंगांचा विषय अश्वजितनंच काढला. आज शेंगा माळावरच्या उकडायच्या, तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. एवढं हिरवं रान असताना खालच्या चपट्या शेंगा कशाला.

चूल पेटवत बसलेल्या धम्मप्रियानं मान वर केली नाही. माझ्या शेंगा अजून कवळ्या आहेत, दाणा भरला नाही, खालच्याच घ्या, असं ती म्हणाली. पार्वतीबाईनं लेकीकडं पाहिलं आणि मग उगीचच बिंदग्यावरचं फडकं नीट केलं.

*

अश्वजितची बायको दिपाली टोपली घेऊन उठली तेव्हा तिच्या मनात शेंगा नव्हत्याच. सकाळी निघतानाच नवऱ्यानं तिला सांगून ठेवलं होतं, की शेंगांचं निमित्त करून वर जा आणि ओल कुठून येतेय ते बघ, पाइप कुठं पुरलाय ते बघ. नणंद पुरुषाला रानात फिरू देणार नाही, पण भावजयीला कोण अडवणार?

तिलाही बघायचंच होतं. तिचा संशय नवऱ्यापेक्षा वेगळा होता. पार्वतीबाई लेकीजवळ राहायची, आणि दिपालीला बरेच दिवस वाटत होतं की जे काही चाललंय ते सासूच्या संमतीनं चाललंय. लेक सासरहून परत आली तेव्हा लिंबाजीनं तिला माळ दिला, तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं, कारण माळ कुणालाच नको होता. आता तोच माळ हिरवा दिसायला लागला तेव्हा दिपालीला तो खुपत होता.

बांध चढून ती तुरीत शिरली. आधी तिनं खाली पाहिलं. मुरूम कोरडा ठणठणीत होता, चपलेखाली करकरत होता. ओलीचा डाग नाही, पाइपची रेघ नाही, पाण्याची दारं धरल्याची खूण नाही. ती आत आत जात राहिली. मलप्पाच्या बांधापर्यंत गेली. तिकडूनही काही आलेलं नव्हतं. पाण्याशिवाय हे रान हिरवं कसं, याचा उलगडा होईना तेव्हा तिनं पहिल्यांदा झाडाला हात लावला.

पानं बारीक होती, चुरगळल्यासारखी. हिरव्यावर फिकट ठिपके होते. फांदीला फांदी फुटून झाड नुसतं झुडूप झालेलं. तिनं फांद्या वर करून शेंगा शोधल्या. शेंग नव्हती. फूलही नव्हतं. तिनं दुसरं झाड धरलं, मग तिसरं, मग ती ओळीनं फांद्या उलटत निघाली. मध्येच एखाद्या वाळत चाललेल्या झाडाला चार शेंगा लागलेल्या होत्या. जे हिरवं होतं त्याला काहीच नव्हतं. ज्या झाडाला पीक धरायचंच नाही ते पिवळं कशाला पडेल? ते हिरवंच राहणार.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या दिपालीला या रोगाचं नाव माहीत होतं. ते तिच्या ओठावर आलं आणि तिथंच थांबलं. कारण तोच शब्द देगलूरच्या सासरच्या माणसांनी तिच्या नणंदेला लावला होता, नऊ वर्षं नांदवून घराबाहेर काढताना. या घरात तो शब्द त्यानंतर कुणी उच्चारला नव्हता, बकरीसाठीसुद्धा नाही.

मागं पानं वाजली. धम्मप्रिया वर आली होती. पदरानं कपाळ पुसत ती थोडी लांबच थांबली.

"बघितलाव न्हवं वैनी," ती म्हणाली. "आता खाली सांगू नका."

दिपालीनं विचारलं, कधीपासून हे माहीत आहे. पोळ्यानंतर लगेच पानांवर शंका आली, धम्मप्रियानं सांगितलं, आणि दसऱ्याला खात्री पटली. मलप्पाला बोलावून दाखवलं. त्यानं त्याच्या कानडीत अशा झाडाला 'गोड्डु' म्हणतात असं सांगितलं. परक्या भाषेतला शब्द तेवढा टोचला नाही, म्हणून त्याच्याशी बोलता आलं. बोअरला कुलूप लागलं तेव्हा भांडून करायचं काय होतं? ज्याला शेंगच धरणार नाही त्याला पाणी कशाला मागायचं?

"पण ताई, ते तुम्हाला पाणीचोर म्हणायलेत. गावभर केलंय त्यांनी."

"म्हणू द्या की," धम्मप्रिया म्हणाली. "चोर म्हणलं तर माणूस भांडू शकतंय. त्या शब्दाशी कसं भांडावं, वैनी? मी नऊ वर्षं भांडून बघितलंय."

दिपालीला क्षणभर वाटलं, नाही सांगायचं. रिकामी टोपली घेऊन खाली जायचं, कवळ्या आहेत म्हणायचं. पण तिची नजर उतारावरून खाली गेली, आपल्या रानाच्या कडेला. बांधालगतची ती हिरवी झाडं तिला इथून स्पष्ट दिसत होती. नवरा ज्यांना पाझराचा पुरावा म्हणून दाखवत फिरत होता, ती झाडं. वाऱ्याबरोबर रोग खाली उतरला होता.

"ताई, हे आमच्या रानात आलंय," ती म्हणाली.

धम्मप्रियानं खाली पाहिलं नाही. तिला ते माहीत होतं, हे दिपालीला तिच्या न बघण्यावरून कळलं. मघाशी दाटून आलेली माया तिथंच गोठली. ही बाई सगळं माहीत असून गप्प बसली होती.

*

दोघी खाली आल्या तेव्हा मलप्पा आलेला होता. येळवसेला तो दरसाल यांच्या रानात येऊन आंबील प्यायचा आणि या घरच्यांना आपल्या रानात नेऊन जेवू घालायचा. लिंबाजी असल्यापासूनची रीत. डोक्याला पांढरा पटका, हातात तिळाच्या पोळ्यांचं गाठोडं. पार्वतीबाईनं त्याला पेला भरून दिला होता आणि त्यानं तो अजून तोंडाला लावला नव्हता. अश्वजित त्याच्यासमोर उभा होता.

दिपालीच्या हातातली रिकामी टोपली अश्वजितनं पाहिली आणि त्याचा अर्थ त्याला हवा तसा घेतला. बहिणीनं शेंगासुद्धा तोडू दिल्या नाहीत. मग तो थांबला नाही. मलप्पाला त्यानं सरळ विचारलं, तुमच्या विहिरीचं पाणी माझ्या बहिणीच्या माळाला किती दिवसांपासून चालू आहे, आणि त्याच्या बदल्यात काय ठरलंय.

मलप्पानं धम्मप्रियाकडं पाहिलं. एका शब्दात त्याला मोकळं होता आलं असतं. तो शब्द त्याच्याजवळ होता आणि हे धम्मप्रियाला कळत होतं. तिनं मान खाली घातली.

"शेजारीण हाय ती माझी," मलप्पा म्हणाला. "पाणी मागितली असती तर दिलो असतो. पण मागितली न्हाई."

त्यानं आंबिलीचा पेला तसाच खाली ठेवला आणि उठला. येळवसेला भरलेला पेला खाली ठेवून माणूस गेला, असं या लिंबाखाली कधी झालं नव्हतं. पार्वतीबाई त्याला हाक मारायला उठू लागली, पण गुडघ्यानं साथ दिली नाही, आणि तोवर तो बांध ओलांडून गेला होता. पोळ्यांचं गाठोडं मात्र त्यानं परत नेलं नाही.

त्याच्या जाण्यानं अश्वजितचा धीर सुटायला हवा होता, पण झालं उलटं. त्याला वाटलं, खोटा पडला म्हणून निघून गेला. तो आता भावाकडं वळला. आनंदची वाटणी पुढल्या सालापासून पुन्हा आपण कसणार, माळ परक्याला जाऊ नये म्हणून चार माणसं बसवून लेखी करणार, आणि मायनं आता आपल्याकडं राहायला यावं, असं त्यानं एकामागून एक सांगून टाकलं. शेवटचं ऐकून पार्वतीबाई पहिल्यांदा बोलली. आपण कुठं राहायचं ते आपण ठरवू, तुझा बा असता तर पाहुण्याला उपाशी पाठवलं म्हणून तुझ्याशी बोलला नसता, असं ती म्हणाली.

आनंदराज मध्येच अडकल्यासारखा बसला होता. सकाळपासून तो बहिणीच्या बाजूचा होता. पण मलप्पानं बोलण्याआधी तिच्याकडं पाहिलं होतं, ते त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"अक्का," तो म्हणाला, "मी तुझ्याकडनंच हाय. पण एकदा सांग. पाणी कुठनं यायलंय?"

धम्मप्रियानं त्याच्याकडं पाहिलं. मोठ्या भावाचा संशय तिला जुना होता, तो तिला पाठ होता. या धाकट्याला तिनं कडेवर खेळवलं होतं.

तेवढ्यात दिपालीनं रिकामी टोपली नवऱ्याच्या पायाशी उपडी करून ठेवली.

"पाणी न्हाई तिथं," ती म्हणाली. "थेंब न्हाई. शेंगाच न्हाईत."

अश्वजितला आधी कळलंच नाही. शेंगा नाहीत म्हणजे काय, तोडल्या का, विकल्या का, असं तो विचारत राहिला. दिपाली पुढचं बोलेना. ती नणंदेकडं बघत होती, आणि पार्वतीबाईही. आणि मग धम्मप्रिया स्वतःच बोलली, चुलीतलं लाकूड मागं ओढत, जसं काही घरातलं रोजचं सांगावं तसं.

"वांझ रोग हाय दादा. माझी तूर वांझ हाय. म्हणून हिरवी हाय."

अश्वजित तडक माळाकडं गेला. त्याच्या मागं आनंदराज गेला. खाली बसलेल्या बायकांना दोघं तुरीत फिरताना दिसत होते. फांद्या हलत होत्या, थांबत होत्या, पुन्हा पुढं हलत होत्या.

*

अश्वजित परत आला तो माळावरून नाही, आपल्याच रानाच्या कडेवरून. त्याच्या हातात बांधालगतचं एक हिरवं झाड होतं, मुळासकट. त्यानं ते लिंबाखाली आणून टाकलं. त्यालाही शेंग नव्हती.

धम्मप्रियाला वाटलं होतं, तो शरमेल. तो शरमला होताही, ते त्याच्या कानांवरून दिसत होतं. पण शरमलेला अश्वजित आवाज चढवतो हे ती लहानपणापासून बघत आली होती.

"दसऱ्याला कळलं होतं तुला," तो म्हणाला. "तवाच उपटली असतीस तर माझ्यात आलं नसतं. मी चोर म्हणलो ते खोटं निघालं, बरं. पण तू काय केलीस?"

तिला कळल्यापासून रोज ती उपटायचं ठरवायची आणि रोज उद्यावर ढकलायची. उपटलं असतं तर गावानं विचारलं असतं, का उपटली. शिवाय ते बी मायनं तिला दिलेलं, पांढऱ्या तुरीचं घरचं बी. त्याच्या जोरावर ती भावाच्या दुकानच्या बियाण्याला हसली होती. आता अश्वजितच्या सगळ्या रानात फक्त कडेची झाडं गेली होती. त्याच्या त्या बियाण्यात रोग सोसायची ताकद होती. तिच्या बियाण्यात नव्हती. हेही तिनं रोज बघितलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "कळल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं."

अश्वजितला याची अपेक्षा नव्हती. तो पुढं भांडायला तयार होता आणि समोर भांडायला कुणी उरलं नव्हतं. तो पाय मोडून खाली बसला. मग त्यानं विचारलं की तुझ्यात तरी हे कुठून आलं. तिला माहीत नव्हतं. मलप्पाच्या बांधावर गेल्या सालच्या तुरीचे दोन-चार खोडवे उभे होते, तिच्या स्वतःच्या कुंपणालाही होते, आणि अश्वजितच्या बोअरजवळही जुन्या तुरीची झुडपं होती, लिंबाजीच्या हातची, कुणी तोडायला धजावत नव्हतं म्हणून राहिलेली. प्रत्येकानं दुसऱ्याच्या खोडव्याकडं बोट दाखवलं असतं. आनंदराजनं ते होऊ दिलं नाही. तो म्हणाला की कुणाचंही असो, सगळंच काढावं लागेल, आणि पुढल्या खरिपात तिन्ही रानांत तूर पेरायची नाही. निम्म्यांनी पेरली आणि निम्म्यांनी सोडली तर काही उपयोग नाही.

अश्वजितनं लगेच मान हलवली नाही. तो काय विचार करत होता ते धम्मप्रियाला दिसत होतं. आपण सोडायची आणि हिनं गुपचूप ज्वारीच्या ओळींत टाकायची, मग? आणि ती तरी वेगळं काय म्हणत होती मनात? दादा म्हणेल हाव, आणि पाऊस चांगला दिसला की वढ्याकाठी पेरून मोकळा होईल.

"बघू," अश्वजित म्हणाला. मग थोड्या वेळानं, "न्हाई पेरत."

"मीबी न्हाई," ती म्हणाली.

पार्वतीबाईनं ताटं वाढली. भज्जी थंड झाली होती तरी कुणी तक्रार केली नाही. जेवण होताच दिपालीनं भज्जीचं भांडं, आंबिलीचा तांब्या आणि उंडे टोपलीत घातले आणि आनंदराजला बरोबर घेऊन ती मलप्पाच्या रानाकडं निघाली. तूही चल, असं तिनं नवऱ्याला म्हटलं नाही. तो काही पावलं त्यांच्या मागं गेला, थबकला आणि बांधाकडं वळला.

येळवसेला रानात काम करत नाहीत. तरी धम्मप्रिया पदर खोचून माळावर गेली आणि कडेच्या ओळीपासून सुरुवात केली. मुरमात मुळं खोल गेली होती, झाड हिसकल्याशिवाय येत नव्हतं. हाताला रस लागून तळवे चिकट झाले. उपटलेली झाडं ती एका जागी रचत गेली, वाळल्यावर जाळायला. प्रत्येक झाड हातात आल्यावर तिला ते बघावंसं वाटायचं, एखादी तरी शेंग राहिलीय का. आणि मग ती न बघताच टाकायला लागली.

खालून तसाच आवाज येत होता. बांधाच्या पलीकडं अश्वजित आपल्या कडेची झाडं उपटत होता. ती वाकली की त्याचा आवाज थांबल्यासारखा वाटायचा. एकदा खरंच थांबला. दादानं चांगली दिसणारी झाडं राखून ठेवली तर नाहीत, म्हणून तिनं कंबर सरळ करून बांधावरून पाहिलं.

अश्वजितही कंबरेवर हात ठेवून तिच्याच ओळींकडं बघत होता, ती एखादं झाड सोडतेय का ते.

दोघांची नजर भिडली. कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही. मग दोघंही खाली वाकले आणि पुढचं झाड धरलं.